मोगली दाखवायचाय, पण नेमका कुठला? (मुलगी, वय वर्षे ७)

चिमणचारा

मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला नणंदेकडे जातोय. तिथून पुढे दोन दिवस पेंचच्या जंगलात, सिल्लारी गेटला. पेंच म्हणजे मोगलीचं जंगल, असं लेकीच्या बाबाने तिला सांगितलं आणि स्वतः ऑफिसला निघून गेला. तेव्हापासून माझ्यामागे भुणभुण सुरू आहे. मोगली दाखव, मोगली दाखव.

मला वाटलं त्यात काय, आपण रविवारी सकाळी बघायचो ते लावून द्यायचं. शोधायला बसले तर मोगलींचं पेवच फुटलेलं. एक जपानी, एक रशियन, अमेरिकन किती ते मोजायचं सोडून दिलं.

मुलीबद्दल थोडं सांगते. पुण्यात वाढलेली, इंग्रजी शाळा, घरात मराठी. हिंदी म्हणजे आई ज्या भाषेत कुरिअरवाल्याशी बोलते ती. भित्री नाही. पण मागे एका वाढदिवसाला मोठ्या मुलांबरोबर तिने २०१६ चा तो खऱ्यासारख्या प्राण्यांचा सिनेमा बघितला. त्यात वाघ लांडग्यांच्या म्होरक्याला, अकेलाला, उचलून कड्यावरून फेकून देतो. पुढच्या तीन रात्री ती आमच्या मध्ये झोपली आणि तिचा बाबा खाली गादीवर.

हातात दीड महिना आहे. रोज अर्धा तास, त्यापेक्षा जास्त टीव्ही नाही, यावर मी ठाम आहे. सुरुवात कुठून करू? "आमच्या वेळचं ते आमच्या वेळचं" एवढंच लिहू नका प्लीज, कारण पण सांगा.

बोका_वाडीचा

कारण काय सांगायचं ताई! दूरदर्शनवालाच. गुलजारचं गाणं, विशाल भारद्वाजचं संगीत आणि शेरखान वाघाला साक्षात नाना पाटेकरचा आवाज. नाना त्यात ओरडत नाही हो, दबक्या आवाजात बोलतो आणि तेच जास्त लागतं. आमच्या वाडीत दोनच टीव्ही होते. त्यातला एक काकांकडे, आणि काका रविवारी सकाळी दाढी करायला नेमके टीव्हीसमोर बसायचे. अर्धा मोगली मी काकांच्या आरशात उलटा बघितलाय.

चिमणचारा

बोकोबा, आरशाचं आवडलं. पण हेच तर म्हणत होते, हे कारण तुमचं आहे. माझ्या लेकीला नाना माहीत नाही.

बोका_वाडीचा

नाना माहीत नाही?? आधी ते बघा.

सातपुडी

मी मूळची शिवनीजवळची (मध्य प्रदेशातली सिवनी, आमच्या घरी शिवनीच म्हणतात), त्यामुळे हा धागा म्हणजे माहेरचा विषय. थोडं लांबण लावते.

आपण बघितली ती मालिका जपानी. निप्पॉन ॲनिमेशनने काढलेली, तिकडे १९८९ च्या ऑक्टोबरपासून साधारण वर्षभर चालली. एकूण ५२ भाग, प्रत्येक पंचवीसेक मिनिटांचा. म्हणजे सगळी मिळून एकवीस-बावीस तास. तुमच्या रोजच्या अर्ध्या तासाच्या हिशेबात ५२ दिवस. दीड महिन्यात बसत नाही, हा झाला पहिला मुद्दा.

दुसरा मुद्दा. मूळ गोष्टी किपलिंगच्या; त्याच्या दोन 'जंगल बुक' पुस्तकांत (१८९४ आणि १८९५) मोगलीच्या गोष्टी मोजून आठ. त्यातून ५२ भाग काढायचे म्हणजे मालमसाला बाहेरून आणावाच लागतो. म्हणून जपान्यांनी लांडग्यांच्या पिल्लांना नावं दिली, स्वभाव दिले, भांडणं दिली. मोगलीच्या हातात बूमरँग दिलं, जे पुस्तकात नाही आणि सातपुड्यात तर नाहीच. आणि एक लाल पांडा आणून सोडला! लाल पांडा पूर्व हिमालयातला प्राणी. आमच्याकडच्या उन्हाळ्यात बिचारा आठवडाभर टिकायचा नाही.

हे मी नावं ठेवायला म्हणून लिहीत नाही. त्या मालिकेत घर आहे. लांडग्यांची गुहा, आई, भावंडं, रोजची कुरबुर. मोगली एकटा नाही, हे मुलांना दर भागात दिसतं. पुस्तकात हे दोन ओळींत उरकलंय आणि सिनेमांना त्याला वेळच नसतो. सात वर्षांच्या मुलीला ती गुहा आवडेल, पण ती दीर्घ पल्ल्याची गोष्ट आहे. सहलीची तयारी म्हणून नाही, सहलीनंतर लावा.

आणि हो, जाण्याआधी लेकीला एवढं जरूर सांगा की गोष्टीतली वैनगंगा खरी आहे. शिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि खाली भंडाऱ्याकडे जाते. नणंदबाईंना ठाऊक असेलच.

अर्धवटराव

वाचनखूण साठवली. आमचा चार वर्षांचा आहे, त्याच्यासाठीही कोणी सांगा.

खारूताई

चिमणचारा, मी हे सगळं दोन वर्षांपूर्वी करून बसलेय, माझा मुलगा तेव्हा साडेसहाचा होता. माझं मत सांगते, मालिकेच्या भानगडीत आधी पडूच नका. चक जोन्सने अमेरिकन टीव्हीसाठी अर्ध्या-अर्ध्या तासाचे तीन भाग केलेत. दोन १९७५ चे, एक १९७६ चा. एकात रिक्की-टिक्की-टावी मुंगूस, एकात पांढरा सील आणि तिसऱ्यात मोगली. ते तिसरं म्हणजे पुस्तकातली फक्त पहिली गोष्ट: बाळ लांडग्यांच्या गुहेत येतं तिथपासून मोगली माणसांकडे जायला निघतो तिथपर्यंत. बास. सुरुवात आहे, शेवट आहे, अर्ध्या तासात दात घासून झोप.

यात निवेदक गोष्ट सांगत असतो, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. कोणीतरी सांगतंय म्हटलं की मुलांना ती गोष्ट वाटते, समोर घडतंय असं नाही वाटत. वाघ आला तरी सांगणारा माणूस शांत असतो ना! माझ्या मुलाला खऱ्यासारखी चित्रं असलेला सिनेमा झेपला नाही, हे झेपलं.

पण एक इशारा. मुंगसाचं दाखवणार असाल तर दिवसाउजेडी दाखवा. त्यात नाग रात्री न्हाणीघरात येऊन दबा धरून बसतो, सकाळी साहेब आंघोळीला आला की डसायचं म्हणून. आमच्याकडे बाथरूमला जुन्या पद्धतीची मोरी आहे, जाळी नसलेली. पुढचा आठवडाभर हा पठ्ठ्या आंघोळीच्या आधी मोरीत बादलीभर पाणी ओतून "कोण आहे?" विचारायचा. शेवटी जाळी बसवून घेतली. चारशे रुपयांना पडला तो अर्धा तास.

त्या गोष्टीतली नावं मात्र मराठी पोरांसाठी मेजवानी आहे. भिंतीकडेनेच पळणारी, सारखी रडणारी चुचुंद्रा म्हणजे आपली चिचुंद्री! आणि घरटं शिवणारा दर्झी, म्हणजे शिंपी पक्षी. मुलाला म्हटलं, बघ, साहेबाने आपलेच प्राणी पळवले.

पिंपळपान_

+१ खारूताई. मोरीसाठी तर +१००.

रविवारचा_उपास

एवढा काथ्याकूट कशाला? १९६७ चा डिस्नेचा लावा. सव्वा तासाचा सिनेमा, गाणी झकास, अस्वल नाचतं, शेवटी वाघाच्या शेपटीला जळकी फांदी बांधतात आणि तो पळून जातो. कोणी मरत नाही. पोरगी खूश, आई खूश. टीव्हीचा आणि सिनेमाचा भेद पोरांना नसतो.

सातपुडी

उपासराव, तुमचं "कोणी मरत नाही" बरोबर आहे आणि लहान मुलांसाठी ते मोलाचं आहे, मान्य. पण पेंचला जाणाऱ्या मुलीला तो दाखवला तर तिथल्या गाईडला ती विचारेल, ओरांगउटान कुठाय? माकडांचा राजा म्हणून डिस्नेने ओरांगउटान घेतलाय. तो बोर्निओ-सुमात्राचा. आणि पुस्तकात तर माकडांना राजाच नसतो, हाच तर त्या गोष्टीतला मुद्दा. त्यांच्यात कोणी कोणाचं ऐकत नाही आणि ठरवलेलं त्यांच्या लक्षात राहत नाही. (गृहनिर्माण सोसायटीच्या सभेला गेलेल्यांना हे समजावून सांगायला नको.)

माझी खरी तक्रार मात्र 'का' अजगराबद्दल आहे. पुस्तकात तो मोगलीचा मित्र आहे. माकडांनी पळवून नेलेल्या पोराला तो सोडवतो, पुढे त्याच्याशी कुस्ती खेळतो, त्याला शहाणपण शिकवतो. डिस्नेने त्याला डोळे गरगरवून पोराला गिळायला बघणारा केला आणि तेव्हापासून जगभरच्या मुलांना तोच माहीत. आमच्याकडे शेतात अजगर निघाला की अजूनही काठ्या घेऊन धावतात. त्यात अशी भर कशाला?

रविवारचा_उपास

सिनेमा आहे ताई, वनखात्याचं पत्रक नाही.

सातपुडी

हे मात्र खरं 😄

जुनाट_पेटी

रशियन मोगलीबद्दल कोणीच लिहीत नाहीये, म्हणून लिहितो.

सोयुझमुल्तफिल्म नावाच्या सरकारी स्टुडिओने १९६७ ते १९७१ दरम्यान दरवर्षी एक, असे पाच भाग काढले. दिग्दर्शक रोमान दाव्हिदोव. प्रत्येक भाग वीसेक मिनिटांचा. पुढे १९७३ मध्ये ते जोडून सिनेमाही केला. म्हणजे चिमणचाराताईंच्या अर्ध्या तासाच्या कायद्यात एकेक भाग चपखल बसतो आणि पाच दिवसांत मोगली बाळाचा बाप्या होतो. हो, यात तो मोठा होतो. बाकी बहुतेक ठिकाणी तो जन्मभर दहा वर्षांचाच.

आमच्या पिढीने रशियन पुस्तकं मराठीतून वाचली. गाडी यायची, जाड पुठ्ठ्याची पुस्तकं दोन-तीन रुपयांना मिळायची. त्या पुस्तकांतल्या चित्रांचा जो पोत होता तोच या मोगलीत आहे. पार्श्वभूमी रंगवलेली, सपाट, काळोख खराखुरा काळा. प्राणी गोंडस करायचा प्रयत्नच नाही. संगीत सोफिया गुबायदुलिना यांचं आहे, त्या पुढे विसाव्या शतकातल्या मोठ्या संगीतकार म्हणून नावाजल्या गेल्या. लहान मुलांच्या कार्टूनला असलं संगीत, तेही फुकट!

आणखी एक गंमत. रशियनमध्ये बघीरा, म्हणजे मोगलीचा दोस्त काळा बिबट्या, ही बाई आहे. त्यांच्या भाषेत ते नावच स्त्रीलिंगी वाटतं, म्हणून भाषांतरातच ती मादी झाली. काळी, लवचिक, थोडी नखरेल. एकदा ही बघीरा बघितली की बाकीचे बघीरा शाळेतल्या सुपरवायझरसारखे वाटायला लागतात.

जपून दाखवायचा भाग चौथा, १९७० चा. त्यात लाल कुत्र्यांची लढाई आहे आणि म्हातारा अकेला मरतो. पण कड्यावरून फेकून-बिकून नाही, लढून, मोगलीशी बोलत. मी तो भाग नातवाबरोबर बघितला. रडला तोही आणि मीही, पण रात्री नीट झोपला. भीती आणि दुःख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मुलांना त्यातला फरक चांगला कळतो.

खारूताई

पेटीकाका, रशियन भाषेचं काय करायचं पण? खाली इंग्रजी अक्षरं, ती सात वर्षांच्या मुलीने वाचायची कधी?

जुनाट_पेटी

आवाज बारीक करायचा आणि आपण बोलायचं. त्यात संवाद फार नाहीतच.

लेखणीबहाद्दर

मला एक प्रश्न पडतो. किपलिंग पक्का साम्राज्यवादी. 'जंगलचा कायदा' म्हणजे राणीचा कायदाच वेगळ्या कपड्यांत. आपण आपल्या मुलांना हे कौतुकाने का दाखवायचं? आपल्याकडे गोष्टी कमी आहेत का?

बोका_वाडीचा

आला. मी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

जुनाट_पेटी

लेखणीबहाद्दर, मुद्दा खोटा नाही. मोठेपणी तो जरूर शिकवावा. पण हा माणूस जन्मला मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात, ३० डिसेंबर १८६५ ला, वडील तिथेच शिकवत. त्याची पहिली भाषा आयांची होती, त्याने स्वतःच तसं लिहिलंय. आणि ही गोष्ट लिहिली अमेरिकेत, व्हर्माँटच्या बर्फात. सात वर्षांच्या मुलीला त्यातलं काय दिसतं? एक पोर, जे धड इकडचं नाही आणि धड तिकडचं नाही. घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी असणाऱ्या पोरांना ते आपल्याहून लवकर समजतं. यावर वेगळा धागा काढा, येतो मी भांडायला.

अर्धवटराव

चार वर्षांचा राहिला हो.

खारूताई

अर्धवटराव, चार वर्षांच्याला काहीच नको. भालू, हाथी, चील ही नावं घेऊन तुम्हीच गोष्ट सांगा. टीव्हीच लावायचा असेल तर २०१० पासूनची ती संगणकावर केलेली मालिका आहे, हैदराबादच्या कंपनीचं काम, भाग अकरा-अकरा मिनिटांचे. रंग भडक आहेत आणि प्राणी प्लास्टिकचे दिसतात, पण त्या वयाला चालतं. मला नाही आवडली. माझ्या भाच्याला आवडली. त्याला भेंडीही आवडते.

चिमणचारा

बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! मनापासून आभार. आता आमचा तीन आठवड्यांचा अहवाल.

खारूताईंचं ऐकून चक जोन्सच्या मोगलीने सुरुवात केली. दिवसा, खिडक्या उघड्या ठेवून. बरं गेलं. वाघ गुहेच्या तोंडाशी येतो तेव्हा तिने माझा हात धरला, पण लांडगी पुढे आली तसा सोडला. "ती आई आहे ना?" एवढंच विचारलं. मुंगूस पण बघितलं. आमच्याकडे मोरीला जाळी आहे, देवाची कृपा.

मग पेटीकाकांचं रशियन. आवाज बारीक केला आणि मी मराठीतून बोलायला लागले. पहिल्या भागात माझी तारांबळ उडाली. लांडग्यांच्या सभेत इतके जण बोलतात की मी कोणासाठी कुठला आवाज काढला तेच विसरत होते. दुसऱ्या दिवशी लेकीने कामं वाटून दिली. आई: मोगली, लांडगी, बघीरा. बाबा: शेरखान, अजगर. आजी व्हिडिओ कॉलवर: बलू. माझी आई साताऱ्याहून अस्वल झाली! तिला समोर काय चाललंय ते दिसतच नव्हतं, मी फोन टीव्हीकडे धरून "आता बोल" म्हटलं की ती जे मनात येईल ते बोलायची. एकदा मोगली झाडावरून पडतो तिथे बलू म्हणाला, "पडलास ना? सांगितलं होतं की नाही? गूळ-पाणी पी आता." आम्ही तिघं इतके हसलो की भाग परत मागे न्यावा लागला.

बघीरा बाई आहे म्हटल्यावर ती लगेच 'बघीरामावशी' झाली. मांजर वाघाची मावशी, मग बघीरा मोगलीची मावशी, असा हिशेब. बाबाचा शेरखान मात्र नापास. तो ऑफिसच्या मीटिंगसारखा बोलतो. मग बोकोबांची आठवण झाली आणि नानाचा एक तुकडा त्याला ऐकवला, हळू बोलायचं म्हणून. आता हळू बोलतो आणि झोप येते.

प्रश्न असा आहे की उद्या चौथा भाग. अकेलाचा. दाखवू का?

सातपुडी

दाखवा. पण आधी गोष्ट सांगून ठेवा, अकेला मरणार हेही सांगा. आपल्याकडे कीर्तनात शेवट कोणाला माहीत नसतो? तरी लोक बसतातच ना. धक्का बसला की मुलं घाबरतात, माहीत असलं की बघतात.

आणि त्या लाल कुत्र्यांबद्दल तिला सांगा की ती खरी आहेत. कोळसून, रानकुत्री. पेंचमध्ये आहेत. दिसायला तांबूस, शेपूट झुपकेदार आणि काळी, भुंकत नाहीत, शीळ घातल्यासारखा आवाज काढून एकमेकांना बोलावतात. कळपाने शिकार करतात. पुस्तकात दोनशेचा कळप आहे, इतका मोठा काही खरा नसतो. पण वाघसुद्धा त्यांच्या वाटेला सहसा जात नाही, हे आमच्याकडे कोणीही सांगेल. पुस्तकात ती येतात दख्खनमधून, सातपुड्यावर चालून. म्हणजे तुमच्याकडून आमच्याकडे! मोगली त्यांच्या म्होरक्याची शेपूट कापून त्यांना चिडवतो आणि मागे लावून वैनगंगेच्या कड्यावर नेतो, तिथे आग्या मोहळांच्या मधमाश्या. रशियन भागात हे फार सुंदर केलंय.

शेरखानबद्दल पण एक सांगायचं राहिलं. पुस्तकातला शेरखान जन्मापासून लंगडा आहे, त्याची आईच त्याला लुंगरी म्हणते. म्हणून तो हरणं सोडून गावातली गुरं मारतो, आणि गुरं मारतो म्हणून गावकरी जंगल पेटवतील अशी लांडग्यांना भीती. हे अगदी खरं गणित आहे. जायबंदी वाघ गावाकडे वळतो, हे आमच्या भागात पोरासोरांना ठाऊक असतं. तिला तो दुष्ट वाटण्यापेक्षा लंगडा वाटला तर रात्रीची भीती कमी होईल, करून बघा.

चिमणचारा

लंगडा! हे कुठल्याच कार्टूनमध्ये धड कळलं नव्हतं. थँक्यू सातपुडी. आज झोपताना हेच सांगते.

पिंपळपान_

अकेलाचं काय झालं ते कळवा. आमच्या घरी पण बघणं सुरू आहे.

चिमणचारा

उशिरा लिहितेय, जाऊन आलो आम्ही.

आधी अकेला. सांगून ठेवलं होतं, तरी शेवटी ती गप्प झाली. रडली नाही. मग विचारलं, "त्याला आधीच माहीत होतं का?" मी म्हटलं बहुतेक. "मग तो का गेला लढायला?" यावर मी आणि तिचा बाबा एकमेकांकडे बघत बसलो. आजीने फोनवरून सांगितलं, "अगं, घरचं कार्य होतं, जायलाच लागतं." तिचं समाधान झालं. माझं अजून नाही झालं. रात्री स्वतःच्या खोलीत झोपली.

आता पेंच. पहाटे सिल्लारीहून जिप्सीत बसलो, अंगावर दोन-दोन स्वेटर. पहिले दोन तास हरणं, मोर, सांबर. एका वळणावर वाघाच्या पंजाचे ठसे दिसले, गाईड खाली न उतरता वाकून बघत होते. लेकीने विचारलं, "लंगडतोय का?" त्यांनी खरंच एकदा नीट बघितलं आणि म्हणाले, "नाही, चारही पाय बराबर पडले." तिने सुटकेचा श्वास सोडला, लहान मुलं सोडतात तसा, मोठ्याने.

वाघ दिसला नाही. पुढच्या दोन जिप्सींमध्ये कुरकुर सुरू झाली होती. परत फिरताना पाणवठ्याजवळ गाईडने हात वर केला, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. आठ कोळसून. गवतातून एकेक करत रस्त्यावर आले, तांबडे, काळ्या शेपट्या, कान गोल. एक रस्त्याच्या मधोमध बसून मान खाजवत राहिला. मागच्या जिप्सीतून आवाज आला, "अरे कुत्रीच आहेत ही, चला."

लेक सीटवर उभी राहिली होती. बाबाने तिचं स्वेटर मागून घट्ट धरून ठेवलेलं. ती अगदी हळू आवाजात, नानापेक्षा हळू, गाईडना म्हणाली, "काका, हे डेक्कनवरून आलेत."

गाईडना कळेना. "कुठून?"

"डेक्कनवरून. आमच्या घराजवळ आहे. गरवारे पुलापाशी."

सातपुडी, दख्खनला इंग्रजीत डेक्कन म्हणतात हे तिला मीच सांगितलं होतं. पुणेकर पोरगी, तिला डेक्कन एकच माहीत. बाबा तोंडावर रुमाल धरून बसला. गाईडनी मात्र गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "नाही व बेटा, हे इथलेच होय. इथंच जन्मले, मी पिल्लं असल्यापासून पाहून राहिलो त्यांना."

ती खाली बसली. तेवढ्यात गवतातून बारीक शीळ आली, मान खाजवणारा उठला आणि सगळे गेले.

आता परत आल्यापासून हिंदी मालिका सुरू केलीय, रोज एक भाग, ५२ दिवस. भाषांतर तिचं तीच करून घेतेय. शीर्षकगीत लागलं की बाबा असेल तिथून धावत येतो. बोकोबा, तुमच्या काकांसारखा आरसा तेवढा राहिलाय.

बोका_वाडीचा

आरसा पाठवतो. पत्ता निरोपात टाका.